मिश्रीची नोंद

अवरेच्या शेंगा हुंगून घ्यायच्या असतात. पावट्याच्या कुळातली ही शेंग डोळ्यांना सहज फसवते. टपोरी दिसते आणि शिजल्यावर नुसती पाणचट निघते. बंगळूरला थंडी पडली, पहाटेचे दव धरू लागले, की तिच्या सालीवर एक तेलकट, हिरवट, किंचित उग्र वास चढतो. कन्नडात त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. किंवा असेलही, आणि माझ्या पूर्वजांनी सतराव्या शतकात दक्षिणेकडे येताना तो वाटेत कुठेतरी सांडला असेल. शिवाजीनगरच्या बसस्थानकामागे पोती पसरून बसलेल्या बायका गिऱ्हाइकाने मूठभर शेंगा नाकाशी नेल्या की बोलायचे थांबतात. त्या क्षणी नाकाशी वाद घालायचा नसतो.

गेल्या आठवड्यात मी तशी मूठ नाकाशी नेली. वर्षभर जे दडपून ठेवले होते ते वासाने एका श्वासात वर आणले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा गार होतो, भांडी दोनदा घासली जातात, आणि माझी जीभ दिवसभर माझ्याच गालांच्या आतून फिरत असते, अंधारात भिंत चाचपणाऱ्या हातासारखी. आम्ही दंतरुग्णालयातून येणाऱ्या एका अहवालाची वाट पाहत आहोत. तो माझ्या अक्काच्या तोंडाविषयीचा आहे.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्याने आत्या, पण वडील तिला कन्नड रीतीने अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. तिच्याविषयी सांगायचे तर आधी गेल्या हिवाळ्यातल्या माझ्या नोकरीविषयी सांगावे लागेल.

तो हंगाम मी हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेत घालवला. मी विज्ञान शिकलेले नाही. कविता शिकले, काही वर्षे वृत्ते आणि अलंकार शिकवले, कोशांसाठी शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. प्रयोगशाळेला मराठी नीट लिहिणारी बाई हवी होती, कारण तिथे माणसाच्या तोंडातल्या सूक्ष्मजीवांचा एक कोश तयार होत होता आणि त्यासाठी शहरातल्या वेगवेगळ्या भाषांच्या घरांतून लाळेचे नमुने गोळा करायचे होते. खिडकीतून तलाव दिसे. सकाळी धुके पाण्यावरून उठायला तयार नसे, आणि त्या धुक्यात झोळीसारख्या चोचीचे मोठे पाणपक्षी तोंड उघडून बसलेले असत. सगळीकडे तोंडेच आहेत, असे मला पहिल्या आठवड्यात वाटले होते.

हा कोश कागदावर नाही. तो आंतरजालावर आहे आणि जगात कुणालाही उघडता येतो. पडद्यावर तोंडाचे एक रेखाचित्र येते. जिभेवर बाण नेला की जिभेचे रहिवासी समोर येतात, गालाच्या आतल्या अंगावर नेला की तिथले. दात आणि हिरडी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तर अख्खे गाव नांदते. एकेका जीवाखाली त्याचा जनुकसंच, चार अक्षरांच्या लिपीत, विरामचिन्हांवाचून लिहिलेला. पडदा कितीही खाली सरकवला तरी तो संपत नाही. मी सवयीने त्यात यती, म्हणजे वृत्तातला थांबा, शोधत असे आणि थकून जात असे. कित्येकांना नावच नव्हते. ते काचेच्या बशीत वाढायला तयार नव्हते, तोंडाबाहेर जगत नव्हते, म्हणून त्यांना नुसता क्रमांक. त्यांच्याविषयी मला उगीच जवळीक वाटे. या शहरातली आमची मराठीही तोंडाबाहेर फारशी जगत नाही. स्वयंपाकघरात बोलली जाते, लग्नात, बाळंतिणीच्या खोलीत. दुकानाची पायरी चढली की तिचे कन्नड होते.

प्रत्येक नमुन्यामागे एक माणूस असे, नाव काढून टाकलेले. वय, आहार, दात स्वच्छ करण्याची रीत, सवयी, एवढेच उरे. ही माहिती प्रश्नावलीतून येई, आणि मराठी घरांसाठीची प्रश्नावली मी लिहिली.

तंबाखूच्या प्रश्नावर मी एक अख्खी सकाळ घालवली. ‘खाता का’ म्हटले तर ओढणारे सुटत होते, ‘ओढता का’ म्हटले तर खाणारे. शेवटी सुचले: ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ सेवन. सगळ्या रीती पोटात घेणारा, कुणावर बोट न रोखणारा, घरंदाज शब्द. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी तो मनात घोळवत होते. आजही ते वाक्य वाचले तर त्याची लय बिनचूक आहे, आणि हेच मला छळते.

अक्का शिवाजीनगरमध्येच राहते, शिलाईयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर. लग्न होऊन ती निपाणीला गेली, काही वर्षांनी नवऱ्यासह परत आली आणि घड्याळांच्या कारखान्यात लागली. डोळ्याला भिंग लावून केसासारख्या कमानी बसवणारे ते हात अजून स्थिर आहेत. गेल्या वर्षी मी नळी घेऊन गेले तेव्हा ती परात मांडून बसली होती. भिजवलेला अवरेचा दाणा चिमटीत धरून हलके दाबला की साल बोटांत राहते आणि आतली डाळ टुणकन उडून परातीत पडते. ‘हितकिद बेळे’ म्हणतात त्याला, पिळून काढलेली डाळ. खोलीभर तोच हिरवा वास, आणि खालून हातोडीची बारीक टकटक.

“काय द्यायचं म्हणालीस?”

“थुंकी, अक्का. या नळीत, या रेघेपर्यंत.”

“अय्यो. आयुष्यभर सांगितलं, बाईमाणसानं थुंकू नये. आता पुट्टी हपिसातनं येऊन सांगते, रेघेपर्यंत थुंक.” चाळिशी उलटली तरी मी तिची पुट्टीच, छोटीच आहे.

“बोलत राहिलीस तर संध्याकाळ होईल.”

“सरी, सरी. तू जरा कालवणाचं नाव घे, सुटेल तोंडाला पाणी.”

नळी भरल्यावर मी प्रश्नावली काढली आणि माझे ते लाडके वाक्य वाचले.

“सेवन?” अक्का हसली. “सेवन तीर्थाचं करतात ग. तंबाखूचं कोण करतं? इल्ला बा.”

मी ‘नाही’समोर खूण केली.

“दात कशाने घासतेस?”

“मिश्री. निपाणीपासनं. घासत नाही, लावते.”

मी रिकाम्या ओळीवर ‘मिश्री’ लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मिश्री, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असण्याच्याही अनेक खोल्या असतात. निपाणीच्या सासूने अक्काच्या बोटावर पहिली चिमूट ठेवली. मग ती कारखान्याच्या पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी, पहाटे दाराच्या उंबऱ्यावर बसून, तर्जनीने हिरड्यांवर मिश्री लावी आणि थोडा वेळ गप्प राही. तिच्या दिवसातला तेवढाच गप्प वेळ. माझ्या लहानपणी तिच्या पदराला जो करपट, खमंग, गळ्यात किंचित टोचणारा वास येई, त्याला मी तंबाखूचा वास कधी म्हटले नाही. तो अक्काचा वास होता. आमच्या घरांत तंबाखू पुरुष खातात, आणि ती वाईट. मिश्री बायका लावतात, आणि ती मिश्री. दोन क्रियापदांच्या मध्ये एवढी उंच भिंत की पलीकडचे दिसत नाही.

शेवटी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा होता. मी तिच्या तोंडात विजेरीचा उजेड टाकला. खालच्या हिरडीला गाल जिथे येऊन भेटतो त्या घळीत, बोट रोज जाते नेमके तिथे, एक पांढुरका, सुरकुतलेला डाग होता. दुधावर नुकती धरू लागलेली साय असावी तसा. माझा हात थांबला.

“का ग? काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. “ते मिश्रीचं मोठ्या अक्षरात लिहू नको हं. आपल्या महिला मंडळातल्या बायकाही तुझ्या हपिसात येणार म्हणे. कारखान्यातनं रिटायर झालेली बाई, अजून मिश्री लावते म्हणतील.”

“नाव नसतं अक्का त्यात.”

“नाव नसलं तरी वास येतो.”

दोन दिवसांनी रितूने माझे कागद उघडले. रितू कानपूरची, सगळ्या भाषांतल्या उत्तरांची एकसारखी वर्गवारी करून ती कोशात भरणे हे तिचे काम. अतिशय काटेकोर मुलगी. तिने खुर्ची मागे ढकलून विचारले, “दीदी, ये मिश्री... वो शक्करवाली ना?”

हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. मला तत्क्षणी ‘नाही’ म्हणता आले असते. पण अक्काचा जिन्यावरचा आवाज कानात होता, आणि डोळ्यांसमोर तो डाग. मी मान हलवली. आमच्या बंगळूरची मान डावीकडे आणि उजवीकडे अशी एकाच वेळी झुलते. तिच्यात होकार असतो, नकार असतो, बघू असते, देवाला माहीत असते. कानपूरच्या रितूने ती होकाराची धरली. मी तिला धरू दिली.

अशा रीतीने कोशात नोंद पडली. तंबाखू: नाही. साखर: रोज, सकाळी, दातांना. जगातल्या कुणाही अभ्यासकाच्या लेखी माझी अक्का आता पहाटे उठून हिरड्यांना खडीसाखर चोळणारी बाई होती. घरी परतताना मला हसू आले, आणि ते ओठांवरच आंबट झाले.

हंगाम सरला. पोत्यांच्या जागी द्राक्षे आली, मग आंबे, मग कोवळी कणसे. माझे काम संपले. अधूनमधून शंका असली तर रितू पत्र पाठवी. अक्काकडे मी जात राहिले आणि प्रत्येक भेटीत तिच्या हसण्याकडे पाहत राहिले, जणू हसताना उघडलेल्या तोंडात तेवढी जागा दिसेल. तिखट खाताना ती आताशा घास एका गालातून दुसऱ्या गालात फिरवते, हे मी पाहिले. पाहिले आणि ताटात पाहू लागले. मी डॉक्टर नाही, हे माझे कारण होते. ते वर्षभर पुरले. कारणे किती कमी अन्नावर जगतात.

मग यंदाचे अवरे आले, आणि त्याच सुमारास रितूचे पत्र. कोश वापरणाऱ्या कुणा दूरच्या संशोधक बाईने विचारले होते: या एका नमुन्यातली वस्ती साखरेच्या रकान्यातल्या इतरांशी जुळत नाही, नोंद पुन्हा तपासाल का? खाली अक्काचा क्रमांक. मी तो दोनदा वाचला. मी जे बोलले नव्हते ते त्या अनामिक जिवांनी आपल्या परीने कुठेतरी कळवले होते. मी जुन्या प्रश्नावल्या उघडल्या. मंडळातल्या बायकांची उत्तरे माझ्याच सुबक प्रश्नाखाली ओळीने उभी होती. सेवन: नाही. नाही. नाही. आणि दोन ओळी खाली, दात कशाने घासता याच्या उत्तरात, कुठे ‘मिश्री’, कुठे ‘मिसरी’, एकीने नुसतेच ‘काळी पावडर’. एकीनेही खोटे सांगितले नव्हते. त्यांना मी अशा भाषेत विचारले होते जिच्यात त्या राहतच नव्हत्या.

त्या दिवशी मी पोत्यावरून शेंगा घेतल्या त्या अक्काच्या माडीवर जाण्यासाठी. आम्ही दोघी परातीशी बसलो. डाळ उडत होती. माझ्या हातून दाणे चिरडले जात होते.

“अक्का, गेल्या वर्षी मी तुझं चुकीचं लिहिलं.”

“काय लिहिलंस?”

“तू दातांना साखर लावतेस म्हणून.”

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “शुगर आहे म्हणून डॉक्टर चहात घालू देत नाही, आणि तू दातांना लावलीस होय.”

“तंबाखू लावते असं लिहायला हवं होतं.”

“तंबाखू कुठं लावते मी? मिश्री लावते.”

“निपाणीत तव्यावर कसली पानं भाजायचात?”

“पानं तंबाखूची. हौदु. पण भाजली की मिश्री झाली ना. दूध आटवलं की पेढा होतो. पेढा खाणाऱ्याला तू दूध पितो म्हणतेस?”

उपमा निर्दोष होती. मी हात पुसले आणि, परातीकडे बघतच, उरलेले सांगितले. “तुझ्या गालात आत एक डाग आहे. मला गेल्या वर्षी दिसला होता.”

खालची टकटक थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

“गेल्या वर्षी दिसला,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि आज सांगतेस.”

“हो, अक्का.”

तिने परातीतल्या साली एका बाजूला केल्या, सावकाश, एकही डाळ त्यांच्याबरोबर जाऊ न देता. “मला गोत्तु होतं ग, ठाऊक होतं. जिभेला लागतो तो. मिरची झोंबते तिथं. तू टॉर्च लावलीस तेव्हा म्हटलं, आता ही सांगेल. तू काही नाही म्हणालीस. म्हटलं, शिकलेली आहे, हपिसात दिवसभर तोंडंच बघते. तिला दिसलं नाही, म्हणजे काही नसेल.”

मी कितीतरी शब्दांचे वजन आजवर जोखले आहे, कोणता कुठे पडावा म्हणून तासन्‌तास थांबले आहे. ‘काही नाही’ हे दोन शब्द मी श्वासासारखे टाकले होते, आणि एका बाईने ते निदान म्हणून वर्षभर जपले.

मी रडले असते. पण अक्काला रडणाऱ्यांचा कंटाळा आहे. “लिही,” ती म्हणाली.

“काय?”

“मिश्री लावते म्हणून. ती तंबाखूची असते, तेही लिही. मंडळातल्या बायका काय, त्यांच्याही खोलीत डबी असते. पण ते सेवन-बिवन नको. कुणाला कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी नोंद बदलली. त्या कोशात जुनी नोंद पुसली जात नाही. ती नव्या नोंदीखाली तशीच राहते, आणि बदल करणाऱ्याला कारण लिहावे लागते. कारणाची चौकट बराच वेळ रिकामी होती. ‘भाषांतरातील त्रुटी’ असे लिहिता आले असते. चांगला भारदस्त शब्दप्रयोग आहे. शेवटी लिहिले: उत्तर देणारीने खरे सांगितले होते, प्रश्न लिहिणारीने योग्य क्रियापद वापरले नाही, आणि चूक कळूनही ती बोलली नाही. मंडळातल्या बायकांच्या नोंदी मात्र माझ्या एकटीच्या हाताने बदलायच्या नव्हत्या. एकेकीला भेटून पुन्हा विचारायचे होते, लावता का म्हणून, आणि जमल्यास तोंडात उजेडही टाकायचा होता. ती यादी अजून माझ्या पिशवीत आहे.

रितूचा लगेच फोन आला. “दीदी, आपने तब हां बोला था ना?”

“मी मान हलवली होती.”

“हां, तो?” ती म्हणाली. तिला मराठी समजू लागली आहे. मान अजून समजत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दंतरुग्णालयात गेलो. अक्काने इस्त्रीची साडी नेसली होती आणि त्या सकाळी बोटाला काही लागू दिले नव्हते, त्यामुळे तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. ती सारखी तर्जनी पदराला पुसत होती. भिंतीला ओला चुना असावा तसा औषधांचा वास होता. मी खुर्चीवरून उठत होते, बसत होते, पाण्याच्या यंत्रापर्यंत जाऊन पाणी न पिता परत येत होते. “स्वल्प बस ग,” अक्का म्हणाली. “पेशंट मी आहे.”

आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. छापील कागदावर पेन टेकवून, वर न पाहता, त्यांनी कन्नडात विचारले, “होगेसोप्पु तिंतीरा, अम्मा?” तंबाखू खाता का.

“इल्ला,” अक्का म्हणाली.

पेनाने खूण केली. तेवढाच आवाज, कागदावर नख ओढल्यासारखा. मी तोंड उघडले, पण मला हवे होते ते कन्नड क्रियापद येईना. भाजीच्या दुकानाचे, रिक्षाचे, शेजाऱ्यांचे सगळे कन्नड जिभेवर गर्दी करून आले, आणि त्यात ‘लावणे’ नव्हते. डॉक्टर पुढच्या ओळीकडे वळल्या होत्या.

अक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला बाजूला केले, दारातून वाट काढावी तसे.

“तिन्नल्ला,” ती डॉक्टरांना म्हणाली. खात नाही. “हच्कोळ्तीनि.” लावते. आणि मग, शिकवणी द्यावी तशा शांतपणे, तिने कन्नडात सांगितले: पाने कशी भाजतात, किती काळी, कोणत्या बोटाने, तोंडात कुठे. तंबाखू हा शब्द तिने स्वतः उच्चारला, दोनदा.

डॉक्टरांनी वर पाहिले. आधीची खूण खोडली. “एष्टु वर्ष आयितु?” किती वर्षे झाली.

“मदुवे आदागिंद,” अक्का म्हणाली. लग्न झाल्यापासून.

त्यांनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला. “स्वल्प बायी तेगीरि, अम्मा.”

अक्काने माझ्याकडे पाहिले नाही. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, दिव्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. डॉक्टर वाकल्या. मीही उठून त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले आणि या वेळी, त्यांनी मान वर करेपर्यंत, मी तिथून नजर काढली नाही.